सिंधूची जबानी

म्हसवड,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. मृणाल हिस,


सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ प्रतिपदेस निघाला आणि त्यानंतरही घरात पाहुण्यांची वर्दळ राहिली, म्हणून तुझ्या पत्राचे उत्तर लांबले. एरवी असल्या पत्रास मी विलंब लावणारी नव्हे, हे तू जाणतेस. तुमच्या मंडळीने 'एकच प्याला' करावयाचे ठरविले, सिंधूची भूमिका तुझ्याकडे आली, आणि पहिल्याच वाचनाला तुमच्यातील एका मुलीने 'मारणाऱ्याला पाठीशी घालून मरणारी बाई आज रंगभूमीवर उभी करणे हाच अपराध आहे' असे म्हणून वही मिटली, हा सारा मजकूर वाचून मला वाईट वाटण्याऐवजी समाधानच वाटले. कारण ज्या नाटकावरून विशीतल्या मुली अजून भांडतात ते नाटक अद्याप मेलेले नाही, एवढे त्यावरून सिद्ध होते. तू विचारतेस, भूमिका परत करू काय? करू नकोस. येथेच पत्र संपविता आले असते. परंतु तुझ्या मैत्रिणीचा आक्षेप पोकळ नाही, आणि त्याला रास्त उत्तर द्यावयाचे तर अथेन्सपासून दहिवडीच्या कोर्टापर्यंत फिरून मग सिंधूच्या अंथरुणापाशी यावे लागेल.

शोकान्तिकेत पुरुषही मरतात आणि स्त्रियाही मरतात. परंतु ते मरण कोणी पाहिले, कोणी सांगितले आणि कोणाच्या खाती जमा झाले, हे विचारू लागलो की दोहोंतील अंतर दिसू लागते. ग्रीक नाटकांत मृत्यू बहुधा आडोशालाच घडे हे खरे, तरीपण स्त्रियांच्या मरणाला तेथे एक ठरीव वाट आखून दिलेली दिसते: योकास्ता राजवाड्याच्या आतल्या दालनात गळफास घेते; डेयानिरा एक शब्दही न बोलता आत जाते आणि विवाहशय्येवर तलवारीने देह ठेवते; अँटिगनीची सासू व्हावयाची ती युरिडिसी पुत्राच्या मृत्यूची वार्ता ऐकून मुकाट्याने निघून जाते; आणि मग कोणी दूत अथवा दासी बाहेर येऊन झालेली हकीकत आपल्याला कथन करते. निकोल लोरो ह्या फ्रेंच विदुषीने १९८५ साली ह्याच एका विषयावर छोटेखानी पुस्तक लिहिले, आणि विवाहितेला दोरी व घराचा आतला भाग, कुमारिकेला यज्ञपशूप्रमाणे कंठावर शस्त्र, अशी ह्या मरणांची जणू वाटणीच झालेली आहे हे दाखवून दिले. युरिपिडीसच्या नाटकातील पॉलिक्सिना, जिला अकिलीसच्या थडग्यावर बळी दिले जाते, ती 'मला कोणी धरू नका' असे बजावून स्वतः पुढे होते. एवढ्या धैर्याच्या मुलीविषयी सांगताना, पडतापडताही तिने अंगावरचे वस्त्र कसे सावरले हे नमूद करावयास तो दूत चुकत नाही. सांगणारा पुरुष, रचणारा पुरुष, आणि मुखवटा चढवून पॉलिक्सिना होणाराही पुरुषच.

ह्या नियमाला जे अपवाद आहेत ते नियमाहूनही बोलके आहेत. अल्सेस्टिस ही प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत मरते, कारण ती नवऱ्याच्या बदली मरते आहे. हेराक्लीस तिला मृत्यूच्या हातून सोडवून आणतो तेव्हा मात्र ती नाटक संपेपर्यंत तोंड उघडीत नाही. इव्हाड्नी ही नवऱ्याच्या पेटत्या चितेवर उडी घेते, तीही सर्वांसमक्ष आणि वृद्ध पित्याच्या विनवण्या धुडकावून. मृणाल, हे वाचताना आपल्याला अथेन्स परके वाटत नाही. मराठीतील पहिली स्वतंत्र शोकान्तिका म्हणून जिचा निर्देश होतो ते विनायक जनार्दन कीर्तने ह्यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे १८६१ सालचे नाटक. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर मुक्कामी क्षयाने वारलेला तरुण पेशवा आणि त्याच्यामागे सती गेलेली रमाबाई हा त्याचा विषय. सहगमनाची चाल सरकारने बेकायदा ठरविल्यास तोवर तीस वर्षे होऊन गेली होती. कायद्याने चितेवरून खाली उतरविलेली बाई नाटकाने पुन्हा चितेवर चढविली, आणि आपल्या शोकान्त नाटकाचा श्रीगणेशा तेथे झाला.

संस्कृत नाटककारांनी असे केले नसते, असे तू म्हणशील. आणि भरतमुनींनी अंकात मरण दाखवू नये असा दंडक घातला, म्हणून भासाचे 'ऊरुभंग' यासारखा अपवाद सोडला तर त्या रंगभूमीवर कोणी मरत नाही, हेही खरे. पण ज्या दंडकाने मरण वर्ज्य केले त्यानेच एका बाईचा नकारही पुसून टाकला. रामायणातील सीता दुसऱ्यांदा शुद्धतेची खात्री पटवून देण्याचा प्रसंग येतो तेव्हा राजवाड्यात परत जात नाही, भूमीत जाते. आपल्या साऱ्या वाङ्मयात 'आता पुरे' असे इतक्या निर्वाणीने दुसऱ्या कोणा बाईने म्हटले असेल असे मला वाटत नाही. भवभूतीने 'उत्तररामचरितात' करुणरसाचा कळस गाठला आणि शेवटच्या अंकात राम-सीतेचे मीलन घडवून आणले. त्याचे मन कोमल होते, त्याला ती ताटातूट सोसवली नाही. परंतु त्या कोमलपणाची किंमत सीतेने दिली. मला भवभूती अतिशय प्रिय आहे, तरी हा शेवट वाचताना दर वेळी मनात किंतु येतो.

आता आपल्या गावाकडे येऊ. येथे सवाष्ण बाई गेली म्हणजे काय होते ते तू लहानपणी पाहिले आहेस: कपाळभर मळवट, हिरवे लुगडे, हातांत हिरवा चुडा, ओटीत खण-नारळ, आणि जमलेल्या बायांच्या तोंडी एकच वाक्य, की तिचे सोने झाले. अहेवपणी मरण यावे म्हणून जात्यावर देवाला विनविणाऱ्या बायका ह्या माणदेशात पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेल्या. तिला कशाने मरण आले, औषध मिळाले होते काय, अखेरच्या आठवड्यात तिने किती घागरी पाणी वाहिले, ह्याची चौकशी त्या सोन्याच्या झळाळीपुढे सहसा कोणी करीत नाही. (मी स्वतः वैधव्याची अनेक वर्षे काढलेली, तेव्हा ह्या बाबतीत माझा अभिप्राय तू हवा तर पक्षपाती समज.) हे तुला सांगण्याचे कारण असे, की 'एकच प्याला' पाहावयास आलेल्या बायका जेव्हा सिंधूसाठी पदर डोळ्यांना लावीत, तेव्हा त्यांत दुःखाबरोबर थोडा हेवाही असला पाहिजे. मार खाऊन का होईना, ती भरल्या कपाळाने गेली होती. ही गोष्ट ध्यानात घेतल्याखेरीज सिंधूच्या शेवटच्या कृत्याचा उलगडा होणार नाही.

ते कृत्य म्हणजे तिची जबानी. संहिता काढून पाचवा अंक पुन्हा वाच, आणि पदांकडे क्षणभर लक्ष देऊ नकोस. तशीही ती पदे नाटककार गडकऱ्यांची नव्हेत, कारण २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे गडकरी वारले, गंधर्व नाटक मंडळीने त्यानंतर महिन्याभरात, २० फेब्रुवारीस, बडोद्याला पहिला प्रयोग केला, आणि पदे विठ्ठल सीताराम गुर्जर ह्यांनी रचली. सुधाकर हा वकील. मुन्सफाशी खटका उडून सनद तहकूब झाली, त्या अपमानावर उतारा म्हणून त्याने पहिला प्याला घेतला, आणि शेवटी ज्या हाताने दावे-अर्ज लिहावयाचे त्या हातातील काठीने स्वतःचे मूल मारले व बायको घायाळ केली. सिंधू मरणाच्या दारी आहे. फौजदार येतो. कायद्याचा माणूस घरात आलेला आहे, एक वकील अपराधी म्हणून उभा आहे, आणि त्या वकिलाची बायको, जिला ह्या घरात राहून जबाब आणि पुरावा म्हणजे काय हे ऐकून तरी ठाऊक असणार, ती नवऱ्याला निर्दोष ठरविणारी खोटी हकीकत सांगते.

येथे तुला तुझ्या आजोबांची आठवण करून द्यावीशी वाटते. ते दहिवडीच्या कोर्टात वकिली करीत, आणि १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील बत्तिसावे कलम त्यांना तोंडपाठ होते: मेलेल्या माणसाने आपल्या मृत्यूच्या कारणाविषयी जे सांगितले असेल ते कोर्टात ग्राह्य धरावे. हा कायदा आता बदलून 'भारतीय साक्ष्य अधिनियम' झाला, तरी तत्त्व तेच राहिले. ऐकीव पुरावा अन्यथा कोर्ट उंबऱ्याबाहेर ठेवते. मरणाऱ्याच्या शब्दाला मात्र आत घेते, कारण मृत्यू समोर उभा असता मनुष्य असत्य बोलणार नाही अशी ह्यामागची श्रद्धा आहे. आजोबा म्हणत, की ज्याने हे तत्त्व प्रथम मांडले त्याने सासरी नांदणारी बाई पाहिलेली नसावी. स्टोव्हचा भडका उडाला, पदर पेटला, कोणाविरुद्ध तक्रार नाही: ह्या तीन वाक्यांचे जबाब त्यांनी आपल्या कारकिर्दीत इतके वाचले, की जबाब घेणारा मामलेदार आणि देणारी बाई ह्यांपैकी कोणाच्या तोंडची ही वाक्ये, हे ओळखणे त्यांना अवघड होऊन बसले होते.

शेक्सपिअरला मात्र ही गोष्ट ठाऊक होती. डेस्डिमोना, जिला गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० च्या 'झुंझाररावा'त कमळजा केले, तिचा गळा दाबला गेल्यावर क्षणभर शुद्धीवर येते. दासी एमिलिया विचारते, हे कोणी केले. आणि ती उत्तर देते, की कोणी नाही, माझे मीच. हे मरत्या स्त्रीचे धडधडीत असत्य आहे. त्याहून विलक्षण असे, की ज्याला वाचविण्यासाठी ती खोटे बोलली तो तिचा नवरा ऑथेल्लोच तिला खोटारडी ठरवितो आणि मीच मारले म्हणून ओरडून सांगतो. त्या नाटकात खरी जबानी देते ती एमिलिया, आणि सत्य बोलल्याबद्दल तिचा नवरा तिला तेथल्या तेथे भोसकतो. तुमच्या नाटकातील गीता, सुधाकराचा दारूचा सोबती जो तळीराम त्याची बायको, ही आपल्या नवऱ्याविषयी जे स्पष्ट बोलते त्यात एमिलियाचा काहीसा आवाज मला ऐकू येतो. तिचे काम करणाऱ्या मुलीला एमिलिया अवश्य वाचावयास सांग.

आता प्रश्न असा, की सिंधू खोटे का बोलते? पातिव्रत्य, हे नेहमीचे उत्तर. आणि सिंधू ही अतिरेकी पतिव्रता आहे हा नेहमीचा आक्षेप. मला दोन्ही अपुरी वाटतात. जरा हिशेबाने पाहा. मूल गेले आहे. ती स्वतः काही घटकांची सोबतीण. नवऱ्यापासून तिला पुढे काही मिळावयाचे नाही; त्याच्या फाशीने तिची उपासमार होणार नाही, आणि त्याच्या सुटकेने तिचे पोट भरणारही नाही. मग ती वाचविते काय? माझ्या मते ती स्वतःचे मरण वाचविते. तिने खरे सांगितले तर तिचा मृत्यू खून ठरतो, तिचा पंचनामा होतो, आणि मळवट भरलेल्या त्या देहाकडे पाहून गावातील एकही बाई तिचे सोने झाले असे म्हणू शकत नाही. खोटे सांगितले तर ती अहेवपणी, दैवयोगाने गेलेली सवाष्ण ठरते. माहेरचा पैसा तिने नाकारला, दुसऱ्याचे दळण दळले, आणि एवढ्या संसारात तिच्या मालकीचे असे जे एकच वतन शिल्लक राहिले ते म्हणजे आपल्या मरणाचा अर्थ. त्याची सनद ती फौजदाराच्या कागदावर लिहून घेते. साऱ्या नाटकात इतरांनी तिच्याविषयी निर्णय घेतले. हा एक निर्णय तिचा स्वतःचा आहे, आणि तो तिने स्वतःच्याच विरुद्ध दिला, हे खरे भयंकर.

गडकऱ्यांच्या मनात हे होते असे मी म्हणणार नाही. त्यांचे लक्ष सुधाकराकडे होते. दारूविषयीचा सारा युक्तिवाद, सारी वाग्वैभवाची स्वगते त्यांनी त्याला दिली, शेवटी विषाचा प्यालाही त्याला दिला, आणि सिंधूच्या मरणाची सारी रक्कम त्याच्या पश्चात्तापाच्या खाती वळती केली. हा दोष नाटकाचा आहे आणि तुझ्या मैत्रिणीने तो नेमका हेरला. शिवाय हे मरण प्रथम मेले ते बालगंधर्व. गणपतराव बोडसांच्या सुधाकरासमोर त्यांनी जी सिंधू उभी केली ती महाराष्ट्राने इतकी उराशी धरली, की पुढे कैक घरांतील खऱ्या स्त्रियांनी बोलणे-चालणे त्या पुरुषापासून उचलले. स्त्रीने कसे मरावे ह्याचा वस्तुपाठ एका पुरुषाने रचावा, दुसऱ्याने वठवावा आणि तो पाहून बायकांनी घरी जावे, ह्यात बालगंधर्वांचा काडीइतकाही अपराध नाही. त्या काळी तसल्या खेळात बाईला उभे राहण्यास जागा नव्हती. पण तू पहिल्यांदाच ह्या भूमिकेत शिरत आहेस, तेव्हा तुझ्या डोक्यात आधीच बसलेला तो गोड, थरथरता स्वर तुझा नव्हे, इतके जाणून आत जा.

आपल्या जिल्ह्याचा अभिमान म्हणून एक गोष्ट मध्येच सांगते. 'हॅम्लेट' मराठीत 'विकारविलसित' ह्या नावाने आणले ते कऱ्हाडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर ह्यांनी, आणि गणपतराव जोशांचा हॅम्लेट ज्या शाहूनगरवासी मंडळीने गाजविला ती साताऱ्याचीच. त्या नाटकात हॅम्लेट मरताना मित्राला सांगून जातो, की माझी कथा लोकांना नीट सांग. ऑफिलियाने असे कोणाला नेमलेले नाही. ती बुडाल्याची हकीकत राणी सांगते, फुलांची नावे घेऊन. आणि हा अपघात की आत्महत्या, तिला पुरण्याची जागा कोठली, ह्याचा खल तिची कबर खणणारे दोन मजूर करतात. स्त्रियांच्या दुःखावर जन्मभर लिहिणाऱ्या आगरकरांना हा भाग मराठीत उतरविताना काय वाटले असेल, असे माझ्या मनात अनेकदा येऊन जाते.

खोट्या जबानीची गोष्ट केवळ नाटकातली समजू नकोस. खरी जबानी उरूनही काय होते, तेही ऐक. पुण्यात १९८२ सालच्या जून महिन्यात एक नवविवाहिता विषबाधेने गेली. तिने बहिणीला व मैत्रिणीला लिहिलेली खाजगी पत्रे कोर्टापुढे आली. खालच्या कोर्टाने नवऱ्याला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने, आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही व पुराव्याची साखळी पुरी होत नाही असे म्हणून, त्याला निर्दोष सोडले. न्यायाचा तो निवाडा होता आणि त्यावर शेरा मारण्याचा मला अधिकार नाही. मला लक्षणीय वाटते ते एवढेच, की त्याच निवाड्यात तिची ती पत्रे बत्तिसाव्या कलमाखाली ग्राह्य धरली गेली. बहिणीला लिहिलेले चार शब्द मरणानंतर जबानी होऊ शकतात. त्याच सुमारास, १९८३ मध्ये, ज्योती म्हापसेकर ह्यांचे 'मुलगी झाली हो' स्त्रीमुक्ती संघटनेने गावोगाव नेले; त्यात कलावंत बायका पडद्याशिवाय, प्रेक्षकांच्या नजरेला नजर भिडवून उभ्या राहत, आणि सिंधूच्या जागी न बोललेले पुष्कळसे तेथे बोलले गेले.

पण त्याच्याही शंभर वर्षे आधी ते लिहिले गेले होते. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला, नवजात अर्भक मारल्याच्या आरोपावरून, १८८१ साली फाशीची शिक्षा झाली, आणि ती शिक्षा पुढे काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले, त्याने संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. हे पुस्तक जवळजवळ शतकभर विस्मृतीत पडून होते, स. गं. मालशे ह्यांनी १९७५ साली ते पुन्हा छापले. म्हणजे सिंधू रंगभूमीवर आली तेव्हा तिला प्रश्न विचारणारे पुस्तक मराठीत सदतीस वर्षांपूर्वी लिहून झालेले होते, फक्त कोणाच्या हाती नव्हते. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' ह्या १९६७ च्या नाटकातील बेणारेबाई ही विजयालक्ष्मीचीच वारस: खेळ म्हणून मांडलेले कोर्ट, पोटातले मूल नष्ट व्हावे असा फैसला, आणि आरोपीला बोलण्यास दिलेले दहा सेकंद. ते जगप्रसिद्ध स्वगत तेंडुलकरांनी दिग्दर्शक अरविंद देशपांड्यांच्या आग्रहास्तव लिहिले. सुलभा देशपांड्यांनी ते म्हटले. आणि ती बोलत असता भोवतालचे सारे पुरुष गोठून उभे असतात. अखेर एक बाई खरी जबानी देते, परंतु लिहून घेणारा कोणी नाही. तुझी सिंधू खोटे सांगते आणि ते लगेच लिहिले जाते. ह्या दोन नाटकांत अठ्ठेचाळीस वर्षांचे अंतर आहे, आणि मला ती एकाच खटल्याच्या दोन तारखा वाटतात.

एक शोकान्तिका मात्र कोणी लिहिली नाही, आणि ती आपल्या गावची आहे. म्हसवडच्या नागोजी मान्याचे नाव महाराष्ट्र घेतो ते संताजी घोरपड्याचा मारेकरी म्हणून. राजारामाच्या कारकिर्दीत संताजी आणि धनाजी ह्यांत वितुष्ट पडले. त्या झगड्यात अमृतराव निंबाळकर संताजीच्या हाती सापडला, आणि संताजीने त्याला हत्तीच्या पायी दिले. अमृतरावाची बहीण राधाबाई ही नागोजीची पत्नी. भावाचा सूड घे म्हणून तिने नवऱ्यामागे टुमणे लावले, आणि १६९७ साली शंभू महादेवाच्या डोंगराच्या परिसरात, ओढ्यावर स्नान करीत असलेल्या एकाकी संताजीला गाठून नागोजीने त्याचे शिर कापले. ते शिर अखेर औरंगजेबाच्या छावणीत पोचले. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतो, बखरी आणि मोगल तवारिखा परस्परांशी जुळत नाहीत. कथेचा हा सांगाडा मात्र टिकून आहे.

आता हा प्रसंग नाटककाराच्या दृष्टीने पाहा. बादशहाच्या फौजा ज्याच्या नावाने कापत तो वीर निःशस्त्र, स्नान करताना मारला जातो; ॲगमेम्नॉन असाच स्नानाच्या वेळी मारला गेला, आणि क्लायटेम्नेस्ट्रावर इस्किलसने तीन नाटकांची मालिका उभारली. बहीण भावासाठी उभी ठाकते. नवरा काय, मूल काय, दुसरे मिळेल, आईबाप गेल्यावर भाऊ कोठून आणावा, असा युक्तिवाद अँटिगनी करते, आणि भावाला ओवीओवीतून आळविणाऱ्या आपल्या माणदेशी बायकांना तो समजावून सांगावा लागणार नाही. स्वराज्य, वतन, जात, सासर, माहेर ह्या सर्वांचा पेच ज्या एका बाईच्या उंबऱ्यात पडला, तिच्या वाट्याला इतिहासात आले केवळ दुय्यम क्रियापद: नवऱ्यास भर दिली. तिने काय पाहिले, काय म्हटले, शिर कापल्यावर तिला शांती लाभली की नाही, संताजीच्या घरातही कोणी बाई रडली असेल हे तिच्या मनात आले की नाही, ह्यांपैकी एकाही गोष्टीची जबानी कोणी घेतली नाही. पुरुषाला मारविणारी बाई आपल्या नाट्यसृष्टीला पेलली नाही. पुरुषासाठी मरणारी बाई मात्र आपण पाच अंकी, पदांसह, रात्ररात्र पाहिली. ज्या गावात बायकांनी १९९७ साली स्वतःची सहकारी बँक काढून दाखविली, त्या गावातही राधाबाईचे नाव विचारले तर फार थोड्यांना सांगता येईल. तिचे समर्थन मी करीत नाही. संताजीच्या वधाने मराठ्यांचे जे नुकसान झाले ते भरून निघाले नाही. पण समर्थनीय पात्रांवर शोकान्तिका कोण लिहितो?

हिराबाई पेडणेकरांनी 'जयद्रथ विडंबन' आणि 'दामिनी' ही नाटके विसाव्या शतकाच्या आरंभीच लिहिली, म्हणजे मराठीत बाईच्या हाती नाटकाची लेखणी गडकऱ्यांच्याही आधी आली होती. तुमच्या मंडळीत ज्या मुलीने वही मिटली तिच्याकडे ही राधाबाई दे. आक्षेप घेणाऱ्याने पर्यायी नाटक लिहावे अशी सक्ती नाही, परंतु तिच्या रागात धग आहे आणि तो नुसता चर्चेत खर्च होऊ नये.

आणि तू सिंधू कर. तिला गरीब गाय करू नकोस. जबानीच्या वेळी डोळे नवऱ्याकडे लावण्याची परंपरा असेल तर ती मोड आणि फौजदाराच्या हाताकडे पाहा. खोटे बोलणारे माणूस आपले खोटे नीट लिहिले गेले की नाही हे पाहतेच. आवाज पाडू नकोस, शब्द तुटू देऊ नकोस, कारण ह्या बाईने ही वाक्ये मनात आधी जुळवून ठेविली आहेत. फौजदाराचे काम करणाऱ्यास सांग, की त्याला सत्य ठाऊक आहे आणि तरी तो लिहितो आहे, असे त्याने दिसू द्यावे. गीतेला तेथे हजर ठेवता आले तर ठेव, निदान विंगेत तिचा अर्धा पदर दिसू दे. दिग्दर्शकाशी ह्यावरून वाद होईल. होऊ दे, पण संहितेचा एक शब्दही बदलू नकोस, त्याची गरज पडणार नाही.

प्रयोगाची तारीख ठरली म्हणजे पंधरा दिवस आधी कळव, त्या बेताने मला येथून निघावयाचे ठरविता येईल. तिकीट काढशील तर फौजदार जेथून स्पष्ट दिसेल अशी जागा पाहून काढ.

कळावे,
तुझी आत्या